मुदीतला हिरा: ‘चांगला कट’ कधी ठरला?

भाच्याच्या साखरपुड्याची मुदी बघायला गेल्या महिन्यात पणजीला गेलो होतो. दुकानदाराने काळ्या मखमलीवर दोन सुटे हिरे मांडले. एक पुरता एक कॅरटचा, दुसरा ०.९२चा. किमतीत चांगलाच फरक, आणि भाच्याचं मन अर्थातच ‘एक कॅरट’ या शब्दावर बसलेलं. मी दोघांचे कागद मागून घेतले. व्यास दोन्हींचा ६.३ मिलिमीटर. म्हणजे बोटात घातल्यावर दोघेही तेवढेच दिसणार. मोठ्याचं जादा वजन पोटात दडलेलं होतं. त्याची खोली व्यासाच्या ६५ टक्के होती, धाकट्याची ६१. ‘कट दोन्हींचा चांगलाच आहे हो,’ दुकानदार म्हणाला. दुकानातल्या छोट्या दिव्यांखाली दोन्ही लखलखत होते खरे. बाहेर, दाराशी नेऊन धरल्यावर मोठ्याच्या मधोमध काळपट ठिपका दिसायला लागला.

‘चांगला कट’ हे दोन शब्द आज आपण सहज वापरतो. पण हिऱ्याला पैलू पाडणं चांगलं की वाईट, इथूनच मुळात वाद होता, आणि तो वाद ज्या बाजारात समोरासमोर उभा राहिला तो बाजार गोव्यात होता.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेचा, म्हणजे हिरा पारखण्याचा, एक अख्खा अध्याय आहे. वजन मोजायचं तांदळाने: आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ. चांगला हिरा कोणता? ज्यावर कशाचाही ओरखडा उठत नाही, जो पाण्यावर तरतो (हे काही खरं नाही, हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असतो) आणि ज्याचं तेज वीज, अग्नी, इंद्रधनुष्य यांच्यासारखं असतं. इंद्रधनुष्य हा शब्द मला फार आवडतो. आजचा जवाहिऱ्या ज्याला ‘फायर’ म्हणतो ते त्यांनी बिनपैलूच्या दगडात पाहिलं होतं. त्यांना हवा होता तो जमिनीतून येतानाच टोकदार, आठ बाजूंचा असलेला दगड. ‘अगस्तिमत’ या रत्नशास्त्राच्या ग्रंथात तर स्पष्ट बजावलंय, की हत्याराने कापलेल्या किंवा घासघासून झिजवलेल्या हिऱ्याचा गुण निघून जातो.

हजार वर्षांनी हीच आवड गोव्यात एका पोर्तुगीज वैद्याला खटकली. पणजीत चर्चजवळच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी टेकतो, तिला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ओर्ता. त्याचा औषधींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात एक संवाद हिऱ्यावर आहे. ऐरणीवर घण घातला तरी फुटत नाही तो खरा हिरा, ही समजूत आपल्याकडे होती तशी युरोपातही होती. तिकडे भर एवढीच, की बोकडाच्या रक्तात भिजवल्यावर तो मऊ पडतो. ओर्ताने दोन्ही उडवून लावलं. साध्या हातोडीनेही हिरा फुटतो, आणि त्याचीच भुकटी दुसरे हिरे घासायला वापरतात, असं त्याने लिहिलं. आणि त्याच ओघात नोंदवलं, की इथले लोक निसर्गानेच घडवलेल्या हिऱ्याला जास्त मोल देतात, पोर्तुगीज मात्र पैलू पाडलेल्याला.

त्या काळी जगाला हिरे मिळत ते जवळजवळ सगळे भारतातून. दख्खनच्या खाणींतला माल घाट उतरून गोव्याला येई. जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर सकाळी लिलाव चालत आणि सोनार, जवाहिरे तिथेच बसत. ब्रूजहून आलेला जाक द कूत्र हा हिऱ्यांचा व्यापारी इथे राहून खाणींवर खेपा घालायचा. १६२३ साली पोर्तुगीजांनी त्याला पकडून लिस्बनला रवाना केलं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए १६४१ आणि १६४८ मध्ये गोव्याला आला, तोवर बाजाराचा भर ओसरत आला होता.

पण आपल्या कामाची गोष्ट ताव्हेर्निएनेच लिहून ठेवली आहे. इथले कारागीर निर्मळ दगडावर चाक नुसतं फिरवून घेतात, आकाराला हात लावत नाहीत, कारण वजन जाईल. दगडात डाग किंवा तडा असला, की मात्र त्यावर बारीकबारीक पैलूंची गर्दी करतात, म्हणजे दोष नजरेआड होतो. थोडक्यात, पैलू दिसले की जाणकार गिऱ्हाईक आधी संशय घ्यायचं! वजन राखायचं की तेज काढायचं, हा झगडा तेव्हाचाच. आमच्या एक कॅरटवाल्याच्या पोटात जे दडलं होतं ते तेच.

युरोपातही सुरुवात साधीच होती. साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठीचा जो दाखला नेहमी दिला जातो, तो १४७७चा, ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन आणि बरगंडीची मेरी यांचा. त्या काळचे हिरे बहुधा टोकदार किंवा माथा सपाट केलेले असत. पुढे खालून सपाट आणि वर कळीसारखे पैलू असलेला ‘रोझ कट’ आला, मग वर सपाट माथा, खाली टोकदार पोट आणि दोन्हीकडे पैलू असलेला ‘ब्रिलियंट’. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि गोव्याचं महत्त्व संपलं. ब्राझीलही पोर्तुगीजांचंच, त्यामुळे लिस्बनला त्याचं फारसं दुःख झालं नसावं.

दोन आवडींची खरी टक्कर लोकांनी पाहिली ती कोहिनूरवर. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावल्या आणि ‘हा तर चमकतच नाही’ म्हणत परतले. दुसऱ्याच वर्षी ॲमस्टरडॅमचे कारागीर बोलावून तो पुन्हा कापला. आजच्या मापाने १९१ कॅरटचा १०५.६ उरला.

तोवर बरंचसं नजरेच्या अंदाजावर चाले. आज गाजलेले आकडे आले १९१९ मध्ये. अँटवर्पच्या हिरेवाल्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल ब्रिलियंटचं गणित लंडनमध्ये छापलं: माथा व्यासाच्या ५३ टक्के, वरचा उतार ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. कारण सोपं आहे. हिऱ्यात शिरलेला उजेड आतल्या भिंतीवर २४.४ अंशांहून तिरपा आपटला तर बाहेर न पडता मागे वळतो. खालचा उतार नीट असेल तर तो एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटून पुन्हा माथ्यातून डोळ्यात येतो. पोट उथळ झालं तर आत कडेचं करडं वर्तुळ दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. फार खोल झालं तर मधोमध काळोख. आम्हाला दाराशी दिसला तो हा.

तरीही कागदावर कटची श्रेणी यायला बरीच वर्षं गेली. हिरे तपासून दाखला देणारी अमेरिकेतली जीआयए संस्था १९३१ची. रंग (कलर), निर्मळपणा (क्लॅरिटी), वजन (कॅरट) आणि कट हे चार ‘सी’ तिनेच रुळवले. पण कटला ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशा पाच पायऱ्या तिने लावल्या त्या २००६ साली, त्याही फक्त गोल ब्रिलियंटसाठी. म्हणजे आज प्रत्येक दुकानात ऐकू येणारं ‘ट्रिपल एक्स’, म्हणजे तीनदा ‘एक्सलंट’, अगदी कालपरवाचं. त्यातला एकच एक्स कटचा. बाकीचे दोन पॉलिश आणि सिमेट्रीचे, हे दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो.

भाच्याने ०.९२चा घेतला. सोबत आलेल्या बहिणीने जाताजाता आजीची जुनी मुदी पर्समधून काढली: रोझ कट, मागून बंद कोंदण, हिऱ्याखाली चकाकणारा पातळ पत्रा. समईच्या उजेडात ती अजून सुरेख दिसते. दुकानदाराने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, ‘हा पुन्हा कापून गोल करता येईल, पण खाली पोटच नाही याला. पाव दगडसुद्धा उरायचा नाही.’ बहिणीने मुदी परत रुमालात गुंडाळली.