इन्सुलिन रुसलं तरी उघडणारं दार

‘जेवल्यावर दहा मिनिटं चाला, मधुमेह मुळापासून घालवा!’ हा मेसेज परवा तिसऱ्यांदा माझ्याकडे आला. मुळापासून वगैरे काही जात नाही. चालण्याचा भाग मात्र खरा आहे, आणि त्यामागची गंमत मेसेज पाठवणाऱ्याला ठाऊक नसावी.

आधी एक हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं साडेचार ग्रॅम. छोटा चमचाभर! आणि एका भरपेट जेवणातून ६०-७० ग्रॅम कर्बोदकं सहज जातात. म्हणजे आतड्यातून साखर येत असताना ती रक्तातून भराभर उचलली गेली पाहिजे. उचलणाऱ्यांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू.

पण ग्लुकोजला पेशीच्या पटलातून आपणहून आत शिरता येत नाही. त्याला आत घेतात ‘ग्लट-४’ नावाची वाहक प्रथिनं, आणि आपण बसलेले असताना ती बहुतांशी पेशीच्या आत इवल्या पुटिकांमध्ये पडून असतात. इन्सुलिन बाहेरून पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलं की आत प्रथिनांची निरोपानिरोपी सुरू होते: पीआय३-कायनेज, मग एकेटी, मग एएस१६०. हा शेवटचा गडी एरवी पुटिकांना अडवून धरतो. निरोप पोचला की सोडतो. पुटिका पटलात मिसळतात आणि दारं उघडतात. टाइप २ मधुमेहात ही साखळी मध्येच अडखळते.

आता उठून चार पावलं टाका आणि पोटरीवर हात ठेवा. प्रत्येक पावलाला ती घट्ट होते, सैल होते. त्या आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियम सुटतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं, त्यातून उरणारं एएमपी वाढतं आणि एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागं होतं. तंतूंवरचा ताणही कामाला येतो. यात कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण या निरोपांनीही ग्लट-४ पटलावर येतं, तेही इन्सुलिनची पहिली पायरी न चढता. म्हणून इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर ओढतो. (नावं डोक्यावरून गेली असतील तर सोडून द्या, पोटरी लक्षात ठेवा.)

जेवणानंतर साखर साधारण तासाभरात शिखर गाठते, तेव्हा शतपावली त्याआधीच सुरू झालेली बरी. धाप लागायची गरज नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर मात्र ती फार उतरू शकते. डॉक्टरांना विचारून ठेवा.

२०१६ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांना एका काळात दिवसातून कधीही ३० मिनिटं चालायला सांगितलं, आणि दुसऱ्या काळात प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण मिनिटं तेवढीच. तरी जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी भरली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. त्या जेवणात कर्बोदकं सर्वाधिक होती, आणि एरवी त्यानंतर माणसं बसूनच असायची.