गुडघाभर पाणी की कंबरभर?

कुत्र्याच्या मागच्या पायाकडे पाहिलं की त्याचा गुडघा उलट्या बाजूला वाकलाय असं वाटतं. तो गुडघा नव्हेच, ती त्याची टाच. कुत्रा आयुष्यभर चवड्यांवर चालतो, त्यामुळे टाच जमिनीला कधी लागतच नाही आणि खरा गुडघा आणखी वर, पोटाच्या रेषेपाशी केसांत दडलेला असतो. एरवी हे ठाऊक नसल्यानं कुणाचं काही अडत नाही. पण लंगड्या कुत्र्याला पाण्यात चालवायची वेळ आली की सगळा हिशेब घोटा, गुडघा आणि खुबा या तीन खुणांवर येतो. पाणी यांपैकी कुठवर चढवायचं, हेच या उपचाराचं मर्म. औषधाला जशी मात्रा, तशी इथे पाण्याची पातळी.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे चक्क मोजून पाहिलं गेलं. निरोगी कुत्र्यांना उभं करून भोवतीचं पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवलं आणि पायांवर पडणारा भार नोंदवला. पाणी घोट्यापर्यंत असताना जमिनीवरच्या भाराच्या ९१ टक्के भार उरला. गुडघ्यापर्यंत आल्यावर ८५ टक्के. आणि खुब्यापर्यंत आल्यावर एकदम ३८ टक्के. तीस किलोच्या कुत्र्याच्या पायांवर घोटाभर पाण्यात सव्वासत्तावीस किलो भार राहतो, गुडघाभर पाण्यात साडेपंचवीस, आणि खुब्याएवढ्या पाण्यात जेमतेम साडेअकरा.

पहिल्या दोन पायऱ्या जवळजवळ सपाट आणि तिसरी एकदम कड्यासारखी, असं का? शाळेत शिकलेला आर्किमिडीज इथे कामाला येतो. शरीर जेवढं पाणी बाजूला सारतं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार त्याला मिळतो. कुत्र्याचे पाय म्हणजे चार काठ्या. त्या बुडून बुडून किती पाणी सारणार? पोट आणि छातीचा पिंप बुडायला लागला की मग खरा आधार मिळतो. म्हणूनच गुडघा आणि खुबा यांच्यामधल्या बोटभर पाण्यानंही बराच फरक पडतो. कुत्र्याला नुसतं ‘पाण्यात उभं केलं’ म्हणून सांध्यांवरचा भार उतरला, असं समजणं फसवं आहे.

हा भार उतरवायचा कशासाठी? सगळ्यात नेहमीचं उदाहरण गुडघ्याचं. मोठ्या कुत्र्यांमध्ये मागचा पाय लंगडण्याचं एक मोठं कारण म्हणजे गुडघ्यातलं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे सांधा जागेवर धरून ठेवणारा पट्टा, तुटणं. शस्त्रक्रियेनं गुडघा स्थिर करता येतो, पण कुत्रा तो पाय टेकवेल याची खात्री नसते. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवरच असतं. मागचा एक पाय उचलून धरला तरी त्याचं मजेत चालतं, आणि नेमकी हीच अडचण होते. माणसाला एका पायावर राहणं जमत नाही, म्हणून तो रडत-कण्हत का होईना, दुसरा टेकवतो. कुत्र्याला तशी निकड नसते. दुखणं गेलं तरी सवय राहते, मांडीचे स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत उतरायला लागतात, आणि उतरलेल्या स्नायूंमुळे पाय टेकवणं अजून अवघड होतं.

पाण्यातली ट्रेडमिल हे चक्र मोडायला उपयोगी पडते. काचेच्या भिंतींची अरुंद टाकी, तळाला फिरता पट्टा. कुत्रा कोरड्या पट्ट्यावर चालत आत येतो, दार बंद होतं आणि कोमट पाणी खालून हळूहळू चढतं. वजन घटल्यावर दुखरा पाय टेकवायला कुत्रा फारशी कुरकुर करत नाही. पट्टा सुरू झाला की टेकलेला पाय आपोआप मागे ओढला जातो, खुबा ताणला जातो आणि पुढचं पाऊल टाकावंच लागतं. पहिल्या वेळी हे सगळं दोन-चार मिनिटांचंच असतं, मधे विश्रांती देऊन. त्यातही बराचसा वेळ बिस्किट दाखवून समजूत काढण्यात जातो.

इथवर पाणी म्हणजे निव्वळ आधार. पण त्याचा दुसरा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. त्यात पाय हलवायचा तर ते अडवतं, आणि ही अडवणूक ढोबळमानानं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाय दुप्पट वेगानं हलवला की विरोध चौपट. व्यायामाचं साधन म्हणून हे फार सोयीचं आहे. अशक्त पाय हळू हलतो, त्याला विरोधही कमी होतो. ताकद येईल तसा वेग वाढतो आणि विरोध आपसूक वाढत जातो. सांध्यावर भार कमी आणि स्नायूला काम जास्त, ही जोडी कोरड्या जमिनीवर जमवणं कठीणच.

पाणी उथळ ठेवलं तर आणखी एक गंमत दिसते. घोट्याएवढ्या पाण्यात वजन फारसं कमी होत नाही, पण कुत्रा प्रत्येक पावलाला पंजा पाण्याबाहेर उचलू पाहतो. घोटाभर पाण्यातून जाताना आपणही पाय वर उचलून टाकतो, तसंच. त्यामुळे गुडघा आणि खुबा एरवीपेक्षा जास्त दुमडतात. म्हणजे खोल पाणी भार हलका करतं आणि उथळ पाणी सांधा वाकवायला लावतं. एकाच टाकीत हे दोन वेगळे व्यायाम झाले.

मणक्यातली चकती सरकून मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातींमध्ये हे पुष्कळ दिसतं. पावलं टाकण्याची लय पूर्णपणे मेंदूतून येत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशींची जाळी ती स्वतःही तयार करू शकतात. हे थॉमस ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञानं १९११ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. त्यामुळे पाठीत इजा झालेल्या कुत्र्याचा पंजा पट्ट्यावर टेकवायचा, तो मागे सरकू द्यायचा, उचलून पुन्हा पुढे ठेवायचा, असं थेरपिस्ट शेकडो वेळा करत राहतो. टाकीत स्वतः गुडघ्यावर बसून, भिजत. पाण्यामुळे कुत्रा हळू कलंडतो आणि तोल सावरायला त्याला क्षणभर जास्त वेळ मिळतो. जमिनीवर तेवढ्यात तो पडलेला असतो.

आता पोहण्याबद्दल, कारण ‘जलोपचार’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. फ्रँक फिश या जीवशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांसह यॉर्कशायर टेरियरपासून न्यूफाउंडलंडपर्यंत सहा जातींच्या कुत्र्यांना पोहताना पाण्याखालून चित्रित केलं. आकारात एवढी तफावत असूनही सगळ्यांची पद्धत जवळजवळ एकच निघाली: तिरक्या जोडीतले पाय एकत्र हलवणारी, दुडक्या चालीशी मिळतीजुळती. दम वाढवायला आणि सांध्यावर आदळआपट न होता सगळं शरीर हलवायला पोहणं उत्तमच. पण कित्येक कुत्रे पोहताना पुढच्या पायांनीच वल्हवतात आणि मागचे पाय नुसते मागे तरंगत येतात. दुखरा पाय मागचा असेल तर त्याला व्यायाम झालाच नाही! शिवाय तळ नसल्यानं पाय टेकवण्याचा सरावही नाही. २००३ सालच्या एका अभ्यासात पोहताना गुडघ्याची आणि घोट्याची हालचाल चालण्यापेक्षा जास्त आढळली, पण ती मुख्यतः सांधा जास्त दुमडल्यामुळे. पाय सरळ ताणणं हे ज्याचं उद्दिष्ट आहे, त्याला पट्ट्यावर चालणंच बरं. शस्त्रक्रियेनंतर लगेच तर घाबरलेल्या कुत्र्याची खोल पाण्यातली वेडीवाकडी फडफड धोक्याचीच. तळ्यात चेंडू फेकून त्याला ‘हायड्रोथेरपी’ म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं.

तापमानाकडेही लक्ष लागतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. थंड पाण्यात स्नायू आखडतात. गरम पाण्यात उलटी पंचाईत: कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही, धापा टाकूनच तो थंड होतो, आणि पाणीच गरम असेल तर अंगातली उष्णता जाणार कुठे? म्हणून टाकीतलं पाणी साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. आपल्याला ते फारसं ऊबदार वाटणार नाही. पाण्याचा दाबही विसरून चालत नाही. ३० सेंटिमीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटर उंचीइतका भरतो. पायाची सूज ओसरायला त्याची मदत होते, पण तोच दाब छातीवरही येतो. हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्याला म्हणूनच तपासल्याशिवाय उतरवत नाहीत. उघडी जखम, न काढलेले टाके, कानाचा किंवा त्वचेचा संसर्ग, जुलाब, ताप, आटोक्यात नसलेल्या फिट्स यांपैकी काही असलं तरी पाणी बंद. बुलडॉगसारखे जड डोक्याचे, आखूड तोंडाचे कुत्रे जाकिटाशिवाय तरंगतही नाहीत.

आणि कितीही झालं तरी कुत्र्याला शेवटी जमिनीवरच चालायचं असतं. त्यामुळे कोरडे व्यायाम सोबत असतातच. बसणं आणि सरळ उठून उभं राहणं, ही त्याची बैठक. मात्र एक पाय बाजूला फेकून बसला तर ती धरायची नाही. जमिनीपासून थोड्या उंचीवर आडव्या ठेवलेल्या काठ्यांवरून सावकाश चालणं, मऊ उशीवर तोल सांभाळणं, उभं असताना नाकासमोर खाऊ डावी-उजवीकडे नेऊन वजन या पायावरून त्या पायावर टाकायला लावणं. यातलं कुठलंच फोटो काढण्यासारखं दिसत नाही, म्हणून मालकांचा उत्साह इथे लवकर मावळतो. प्रगती मोजायची साधनंही साधीच असतात. मांडीचा घेर टेपनं मोजतात आणि सांध्याचा कोन गोनिओमीटरनं. निरोगी लॅब्राडॉरचा गुडघा साधारण ४२ अंशांपर्यंत दुमडतो आणि १६२ अंशांपर्यंत उलगडतो. आजारी गुडघा त्यापासून किती लांब आहे, ते दर भेटीला लिहून ठेवलं जातं.

या सगळ्यानं खरंच फरक पडतो का? २०१८ साली कोपराच्या डिस्प्लेझियाचा (सांध्याची घडण सदोष असण्याचा) त्रास असलेल्या लॅब्राडॉर कुत्र्यांमध्ये जलोपचाराच्या एकाच सत्रानंतर पावलाची लांबी आणि सांध्याची हालचाल वाढलेली आढळली. ती किती दिवस टिकते, हा पुढचा प्रश्न. डीजनरेटिव्ह मायलोपथी हा मज्जारज्जूचा बरा न होणारा आजार असल्याचा संशय असलेल्या २२ कुत्र्यांचा २००६ सालचा अभ्यास याहून बोलका आहे. त्यांच्या फिजिओथेरपीत पाण्यातलं चालणंही होतं. ज्यांना ती भरपूर मिळाली ते सरासरी २५५ दिवस जगले, ज्यांना मध्यम मिळाली ते १३०, आणि ज्यांना मिळालीच नाही ते ५५. आकडे डोळ्यांत भरणारे खरे, पण ही वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. रोज व्यायाम करून घेणारा मालक इतर काळजीही जास्त घेत असणार आणि कुत्र्याला निरोप देण्याचा निर्णयही उशिरा घेत असणार. त्यात निव्वळ पाण्याचं श्रेय किती, ते या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

उपचार पुढे सरकतोय हे टाकीकडे पाहिलं तरी कळतं. सुरुवातीला खुब्यापर्यंत असलेली पाण्याची रेघ काही आठवड्यांत काचेवर खाली येते, मांडीच्या मध्यावर, मग गुडघ्याशी, मग घोट्याशी. प्रत्येक वेळी कुत्र्याच्या पायांवर काही किलो परत येतात. एके दिवशी दार बंद होतं, पट्टा फिरू लागतो आणि पाणी सोडलंच जात नाही.