रोप किती खोल लावायचं?

जुलै उजाडला की मुंबईतल्या सोसायट्या, शाळा, मंडळं वृक्षारोपणाला लागतात. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तोही जुलैतच, आणि आपल्या पावसाला हा महिना साजेसा आहे. मात्र या कार्यक्रमांत एक चूक हमखास दिसते. रोप वाऱ्याने पडू नये म्हणून ते खोल गाडलं जातं.

खोड जिथे मुळांना मिळतं तिथे ते किंचित पसरट होतं. तो भाग मातीवर उघडा राहिलाच पाहिजे. मुळंही श्वसन करतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. जितकं खोल जावं तितका तो कमी. त्यात मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात. गाडलेल्या खोडाची साल सतत ओली राहून तिला बुरशी धरते, ते वेगळंच. असं झाड लगेच मरत नाही. काही वर्षं खुरटत राहतं आणि दोष जमिनीवर येतो.

म्हणून खड्डा पिशवीतल्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल घ्या, रुंद मात्र दुप्पट-तिप्पट. मुळं बहुतांशी आडवी पसरतात. भरावाच्या, डेब्रिज मिसळलेल्या जागेत खड्ड्याच्या कडा पहारीने खरवडून सैल कराव्यात.

प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढायची, नुसती फाडून भागत नाही. रोप पिशवीत फार दिवस राहिलं असेल तर मुळं आत गोल फिरलेली असतात. ती मोकळी करा, घट्ट वळलेली कापा. तशीच राहिली तर पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात, आणि अशी झाडं वादळात मुळापासून उलटू शकतात.

कोणतं झाड? गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतला. मी तरी इथलंच ताम्हण सुचवेन: आपलं राज्यपुष्प, आणि उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरणारं. बकुळही चांगली.

आधाराची काठी सैल बांधा. खोड वाऱ्याने थोडं हललं तर ते अधिक जाड होतं. बुंध्यापासून चार बोटं सोडून आळ्यात पालापाचोळा पसरा. खरी कसोटी ऑक्टोबरपासून, पाऊस गेल्यावर. तेव्हा रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळं भरून पाणी द्या, म्हणजे ते खालपर्यंत मुरतं आणि मुळंही त्याच्यामागे जातात. पुढचे दोन उन्हाळे हे पाणी कोण घालणार, त्याचं नाव लागवडीच्या दिवशीच ठरवून ठेवा.