सीताबर्डीच्या कबरी, कामठीचे गार्ड्स आणि नोव्हेंबर महिना

नोव्हेंबर हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा गेलेल्यांना आठवायचा महिना. १ तारखेला सर्व संतांचा सण, २ तारखेला सर्व मृतांचा दिवस. दफनभूमीत कबरी धुतल्या जातात, फुलं वाहिली जातात, अंधार पडला की मेणबत्त्या लागतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काही चर्चमध्ये रणात पडलेल्या सैनिकांसाठीही प्रार्थना होते. हा रिवाज इंग्रजांबरोबर आला, म्हणून पुष्कळांना तो परका वाटतो. माझ्या मते तो परका नाही. मात्र नागपुरात तो पाळायचा, तर त्याचा इथला इतिहास नीट समजून घ्यावा लागतो, आणि तो सरळ नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. पुढच्याच वर्षी त्या वेळेला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची प्रथा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्मरण रविवारच्या उपासनेशी जोडलं गेलं. पण ११ नोव्हेंबर ही तारीख चर्चच्या पंचांगात त्याआधी कित्येक शतकं होती. तो संत मार्टिनचा सण. चौथ्या शतकातला हा रोमन घोडेस्वार. आजच्या फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीपाशी थंडीनं काकडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं तलवारीनं आपला झगा फाडून अर्धा दिला, ही गोष्ट रविवारच्या शाळेतली मुलंही सांगतात. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. लढाईच्या तोंडावर त्यानं सम्राटाला सांगितलं, मी ख्रिस्ताचा शिपाई आहे, मला लढता येणार नाही. भ्याड ठरवलं गेलं तेव्हा, नि:शस्त्र होऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, असं तो म्हणाला. त्याचा तो झगा पुढे जपून ठेवला गेला. लॅटिनमध्ये झग्याला जो शब्द होता, त्यातूनच ‘चॅपेल’ आणि लष्करी पाद्र्यासाठीचा ‘चॅपलिन’ हे शब्द आले. म्हणजे पलटणीतल्या पाद्र्याचं नावच मुळी शस्त्र खाली ठेवणाऱ्या सैनिकावरून पडलेलं आहे.

ही दुविधा चर्चमध्ये पहिल्यापासून आहे. सैनिकानं डोक्यावर विजयाचा मुकुट चढवून घ्यावा का, यावर आरंभीच्या चर्चमधला लेखक तेर्तुलियन यानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कडक शब्दांत लिहिलं. दोन शतकांनी बिशप आणि धर्मचिंतक ऑगस्टिननं दुबळ्यांच्या रक्षणासाठी शस्त्र उचलायला वाट ठेवली, पण न्याय्य युद्धाबद्दलही शहाण्या माणसाला दु:खच वाटलं पाहिजे, असंही बजावलं. सैनिकाचा मान आणि युद्धाचं दु:ख ही दोन्ही तेव्हापासून एकत्र चालत आली आहेत.

आता नागपूर. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि भोसल्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) जेनकिन्स याची कंपनी सरकारची फौज यांची लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाजूनं संपली. त्या लढाईत मेलेल्या इंग्रजांच्या कबरी किल्ल्यात आहेत. किल्ला आता भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे. स्वातंत्र्य आणि बलिदान हे शब्द मी इथे जपून वापरतो, कारण त्या कबरींतली माणसं नागपूरच्या स्वातंत्र्यासाठी मेली नाहीत. त्यांच्या विजयानं भोसल्यांचं राज्य दुबळं झालं आणि १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीनं ते खालसाच केलं. शिवाय कंपनीच्या बाजूनं लढणारे बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालच्या पलटणींतले हिंदी होते, आणि समोर भोसल्यांसाठी लढणाऱ्यांत अरबही मोठ्या संख्येनं होते. ते कुठे पुरले गेले, कुठे जाळले गेले, त्याचे दगड उभे राहिले नाहीत.

आमचं चर्चही या लष्कराच्या मागोमाग आलं, हे मान्य केलं पाहिजे. १८२१ साली नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. तिथे मद्रासी पलटणी असत, गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई असत, आणि त्यांच्यासाठी पाद्री येत. १८४५ साली नागपुरात आलेल्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मिशनलाही एका लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीचा आधार होता. म्हणून आपल्या जुन्या स्मरणविधींत साम्राज्याचा सूर मिसळलेला असतो. तो वेगळा काढायचं काम आपलंच आहे.

कबरींच्या बाबतीत साम्राज्यानंच एक मोठं तत्त्व मान्य केलं होतं. १९१७ साली युद्धकबरींसाठी जो आयोग नेमला गेला, त्यानं ठरवलं की हुद्दा, वंश, धर्म यांवरून मृतांत भेद करायचा नाही. जनरलला आणि शिपायाला सारखाच दगड. ज्याची ओळख पटली नाही, त्याच्या दगडावर तो देवाला ठाऊक आहे एवढंच कोरायचं. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेलं की ही समानता डोळ्यांना दिसते. देशभर विखुरलेल्या ज्या कबरी राखणं शक्य नव्हतं, त्यांतल्या सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत. प्रत्यक्षात आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या हजारो सैनिकांना हा न्याय मिळाला नाही. आयोगानं २०२१ साली ते कबूल करून माफी मागितली. नाव वगळलं जाणं ही ख्रिस्ती मनाला फार मोठी गोष्ट वाटते, कारण देव माणसाला नावानं हाक मारतो असं आपण मानतो.

शब्दांचंही तसंच. ग्रीकमधल्या ‘मार्तुस’चा अर्थ साक्षीदार, आणि अरबी ‘शहीद’चाही मूळ अर्थ तोच. मराठी ख्रिस्ती लेखनात त्यासाठी ‘रक्तसाक्षी’ हा शब्द आहे आणि तो विश्वासासाठी मरण पत्करणाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे. सैनिकाला आपण तो लावत नाही. २०२२ साली भारतीय सैन्यानंही आपल्या सैनिकांसाठी ‘शहीद’ या अर्थाचा, ‘मार्तुस’वरूनच आलेला ‘मार्टर’ हा इंग्रजी शब्द वापरू नये, असं कळवलं होतं. यात सैनिकाचा मान कमी होत नाही. पाप्यांचं तारण करणारं बलिदान एकच, ख्रिस्ताचं, असा आपला विश्वास आहे. सैनिकाचं मरण त्याच्या जागी ठेवता येत नाही. पण मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातलं वचन त्याच्या कबरीपाशी वाचता येतं. आणि प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की स्वातंत्र्य मिळालं आहे ते एकमेकांची सेवा करण्यासाठी. दुसऱ्याच्या मोकळेपणासाठी आपला जीव खर्ची घालणारा माणूस त्या वचनाच्या फार जवळ जातो.

पुन्हा नोव्हेंबर, आणि पुन्हा नागपूर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक होते, सरकार आणि सैन्य यांच्याशी ज्यांचं जुनं नातं. आणि त्यातच चर्च ऑफ द ब्रदरन होतं, ज्यांनी १७०८ मध्ये जर्मनीत सुरुवात केल्यापासून युद्धाला नकार हाच आपला धर्म मानला. मार्टिनच्या गोष्टीतले दोन्ही भाग त्या दिवशी आपल्या शहरात एका वेदीपुढे उभे होते. ही घटना नागपूरच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

त्यानंतर वर्ष उलटतं न उलटतं तोच, ३ डिसेंबर १९७१ रोजी, आगरतळ्याजवळच्या गंगासागर इथे १४ गार्ड्सचा लान्स नायक अल्बर्ट एक्का पडला. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आज आपल्या कामठीत आहे. १९४९ साली सेनाप्रमुख करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली ती जात, धर्म, प्रांत न पाहता सगळ्यांना घेणारी म्हणून. एक्का आजच्या झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातला उरांव आदिवासी, ख्रिस्ती. शत्रूच्या मशीनगननं त्याची कंपनी अडवून धरली, तेव्हा तो एकटा त्या मोर्चावर धावून गेला आणि संगिनीनं ती गप्प केली. गंभीर जखमी असूनही तो साथीदारांबरोबर पुढे जात राहिला. मग एका मजबूत इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन सुरू झाली आणि माणसं पडू लागली. तो सरपटत गेला, हातबॉम्ब टाकला, तरी ती थांबेना, तेव्हा भिंत चढून आत शिरला आणि तीही बंद केली. त्या जखमांनीच तो गेला. पूर्व आघाडीवर त्या युद्धात दिलं गेलेलं एकमेव परमवीर चक्र त्याचं. तो मेला ते कुणा सम्राटासाठी नव्हे, मागे येणाऱ्या सोबत्यांसाठी. ते सगळे त्याच्या धर्माचे नव्हते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपल्या प्रार्थनेत त्याचं नाव असावं. कारगिलमध्ये पडलेले, महावीर चक्र मिळवलेले मेघालयचे कॅप्टन क्लिफर्ड नोंगरम आणि नागालँडचे कॅप्टन केंगुरुसे यांचीही नावं असावीत. आणि त्याच श्वासात सीताबर्डीच्या दोन्ही बाजूंच्या बिननावाच्या शिपायांसाठीही एक ओळ असावी.

३ डिसेंबर दर वर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्याच आठवड्यात येतो. त्या आठवड्यात वेदीजवळची पहिली मेणबत्ती लागलेली असते. त्याच दिवसांत अनेक चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला जातो, तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करण्याचा.