हरवलेले दोन व्होल्ट

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळत होता, सकाळी लोकल रडतखडत चालल्या होत्या, म्हणून गाडी काढायचं ठरवलं. आम्ही दादरला राहतो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. गाडी आवारात उभी, अर्धी पत्र्याखाली, अर्धी आभाळाखाली. किल्ली फिरवली. सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) एकदा कण्हला, इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा नुसतंच ‘टक्’. हॉर्न मात्र खणखणीत वाजत होता. वॉचमनने लांबूनच निदान केलं, “बॅटरी बसली, साहेब.”

बसायला ती काही म्हातारी नव्हती. चार महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, अगदी हीच तक्रार घेऊन एका दुकानात गेलो होतो आणि त्यांनी पाच मिनिटांत नवी बॅटरी बसवून दिली होती. गाडी लगेच सुरू झाली. मीही खूश, दुकानदारही खूश.

दुपारी ओळखीचे इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी बॅटरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही असं म्हणणार होतो, पण पाहिलं. मल्टिमीटर लावला, १२.३ व्होल्ट. “थोडी उतरलीय, पण मेली नाहीये,” म्हणाले. मग मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवली, लाल तार थेट इंजिनच्या धातूला टेकवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ पुन्हा कण्हला. मीटरवर आकडा आला १.९.

हा आकडा काय सांगतो ते समजलं, तर गाडीच्या विजेचे निम्मे आजार समजतात.

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती बनवली आणि मूळ रसायन आजही तेच आहे. एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, असे सहा कप्पे एकामागे एक जोडले की १२.६. ही भरलेली बॅटरी. काही तास शांत उभ्या असलेल्या गाडीत १२.४ दिसले तर ती पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव. इथे पुष्कळांची फसगत होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ व्होल्ट आहेत, मग बिघडलं कुठे?

बॅटरीतून सेल्फच्या मोटरकडे वीज जाते ती पॉझिटिव्हच्या जाड केबलमधून. परत मात्र ती इंजिनच्या धातूतून येते, कारण सेल्फ इंजिनलाच बोल्टने घट्ट बसवलेला असतो. पण इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं, हादरे बसू नयेत म्हणून, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत किंवा गिअरबॉक्सपर्यंत एक जाड केबल दिलेली असते. गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’. घरातल्या अर्थिंगशी तिचा संबंध नावापुरता; ती जमिनीत जात नाही, ती विजेची परतीची वाट आहे. जाण्याच्या वाटेची सगळे काळजी घेतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही.

ही वाट धड असेल तर बॅटरीची निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन विजेच्या दृष्टीने एकच जागा. दोघांत फरक शून्याच्या जवळ हवा. सेल्फ फिरत असतानाही ०.२ व्होल्टच्या आत. आमच्याकडे तो १.९ होता. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये १०.२ व्होल्ट उरत होते, त्यातले १.९ अर्थच्या केबलने खाल्ले, ०.३ पॉझिटिव्हच्या वाटेने. सेल्फच्या हाती आले ८. आठ व्होल्टवर तो कण्हणार नाही तर काय करणार?

आता माझ्यातला शंकेखोर जागा झाला. मी आदल्या आठवड्यात स्वतःच मीटरने ती केबल तपासली होती. गाडी बंद असताना एक टोक पॉझिटिव्हला, दुसरं इंजिनला: स्वच्छ १२.४. मीटरचा बझर (दोन टोकं सलग जोडलेली असली की वाजतो तो) लावून पाहिला तर तोही ‘पीं’ करून वाजला. मग केबल खराब कशी?

त्याचं उत्तर दादरच्या पुलावर आहे. रात्री दीड वाजता त्या पुलावरून एकटा माणूस चालला असेल तर पूल रुंद आहे की अरुंद, हे त्याच्या चालण्यावरून कळणार नाही. पुलाचा निम्मा भाग दुरुस्तीसाठी पत्रे लावून बंद केलेला असला तरी तो आरामात पलीकडे जाईल. तोच पूल संध्याकाळी सहाला बघा. मीटर हा रात्रीचा एकटा माणूस आहे. बहुतेक डिजिटल मीटरांचा अंतर्गत रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्ट मोजताना तो वायरमधून जेमतेम एक-सव्वा मायक्रोअँपिअर प्रवाह ओढतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ ओढतो १०० ते २०० अँपिअर. दोहोंतलं प्रमाण काढलं तर ते दहा-बारा कोटी पट निघतं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. पुलावर एक माणूस आणि पुलावर सगळा महाराष्ट्र, इतका हा फरक.

गेओर्ग ओहमने १८२७ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: व्होल्ट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाह नगण्य असेल तर रोध कितीही असो, गुणाकार नगण्यच. आमच्या सेल्फचा प्रवाह १२० अँपिअर धरला, तर १.९ व्होल्ट गिळायला रोध किती लागतो? ०.०१६ ओहम. एका ओहमचा साठावा भाग! साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध याच्या दहा-पंधरा पट असतो आणि बझर तर काही ओहमच्या रोधावरही खुशाल वाजतो. त्यामुळे जाड केबल ओहमवर लावून किंवा बझरने ‘चेक’ करण्याला काही अर्थ नाही. ती तपासायची तर तिच्यातून भरपूर प्रवाह जात असतानाच, दोन टोकांमधला व्होल्टचा फरक मोजून.

लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणारा मीटर याला पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मीटर २० व्होल्ट डीसीवर, आणि किल्ली फिरवायला दुसरा माणूस. इंजिन सुरू होत असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवायचा, म्हणजे सेल्फ नुसता फिरत राहतो. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, सेल्फ तापतो. आधी अर्थची बाजू, वर सांगितल्याप्रमाणे. मग पॉझिटिव्हची: एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. खुंटी म्हटलं तर खुंटीच. मीटरची तार खुंटीवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर टेकवली तर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज मोजणीतून सुटतो, आणि पुष्कळदा चोर तिथेच असतो. फरक जास्त निघाला की तार एकेक सांधा पुढे सरकवत जायची. ज्या सांध्यावर आकडा उडी मारतो तो सांधा दोषी.

मीटर नसेल तर हात आहेच. १.९ व्होल्ट गुणिले १२० अँपिअर म्हणजे जवळजवळ २३० वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच क्लॅम्प आणि थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) चाचपून पाहिले तर खराब सांधा कोमट लागतो, कधी चटकाही देतो. बोट जपून लावा. अर्थची केबल पूर्ण तुटली तर आणखी विचित्र प्रकार होतो. वीज परतीसाठी दुसरी वाट शोधते आणि जुन्या गाड्यांत ती सापडते क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये. सेल्फ मारला की क्लचची केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, आणि माणूस क्लच जड झाला म्हणून मेकॅनिककडे जातो!

आवाजातूनही बरंच कळतं. ‘टक-टक-टक-टक’ अशी भराभर माळ लागली तर बहुधा बॅटरी खरोखरच उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल सैल असतात: सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडून देणारा चुंबकी खटका) आत ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, आणि हा खेळ सेकंदात अनेकदा चालतो. एकच ‘टक्’ आला आणि हेडलाइट तसेच प्रखर राहिले, तर वीज बॅटरीत आहे पण सेल्फपर्यंत पोचत नाही. सेल्फ मारताच हेडलाइट विझायला आले, तर संशय बॅटरीवर किंवा अडकलेल्या सेल्फवर. आमचे हेडलाइट थोडेच मंदावत होते, कारण त्यांची अर्थ बॉडीला आहे आणि बॉडीची छोटी वायर चांगली होती. हॉर्न का खणखणीत होता, तेही इथे उलगडतं.

आमची केबल काकांनी गिअरबॉक्सपाशी सोडवली. थिंबलवर पांढरी भुकटी. रबराचं आवरण चिरलं तर आत तांब्याच्या लखलखीत तारांऐवजी हिरवट-काळी माती, बोटभर नाही, चांगली वीतभर आतपर्यंत. मुंबईच्या हवेत मीठ आहे हे काही नवं सांगायला नको. वरळी सीफेसला पावसाळ्यात तासभर गाडी लावून काचेवर बोट फिरवा आणि जिभेला लावून बघा (नका बघू). खारं पाणी थिंबलच्या टोकाशी साचतं आणि बारीक तारांच्या फटींतून केशाकर्षणाने वर चढतं. समईच्या वातीत तेल चढतं तसंच. बाहेरून रबर काळंकुळकुळीत नवं आणि आत सगळं कुजलेलं. शिवाय गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनिअमचं आणि थिंबल तांब्याचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे नकळत तयार झालेली एक चिमुकली बॅटरीच. तिच्यात ॲल्युमिनिअमचा बळी जातो आणि त्याचं जे ऑक्साइड बनतं ते विजेला अडवतं. ती पांढरी भुकटी यातलीच.

बॅटरीच्या टर्मिनलवरची निळसर-हिरवी भुकटी वेगळी. आम्लाचे तुषार तांब्यावर बसून तयार झालेलं ते मोरचूद. नाशिकचे द्राक्षवाले चुन्यात मिसळून फवारतात तेच. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ते धुता येतं. धुण्यासाठी टर्मिनल काढताना मात्र आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना तो शेवटी लावायचा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला की ठिणग्यांची दिवाळी होते. व्हॅसलीन लावायचं ते घट्ट आवळल्यावर, वरून.

राहिला प्रश्न मार्चमधल्या नव्या बॅटरीचा. ती बसवल्यावर गाडी सुरू का झाली? नवी, काठोकाठ भरलेली बॅटरी भाराखाली कमी खचते, त्यामुळे वाटेतली चोरी सोसूनही सेल्फला पुरेसे व्होल्ट पोचत होते. पण तीच वाट चार्जिंगचीही असते, हे कुणी पाहिलं नाही. चालत्या इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरणारा डायनामो (खरं तर अल्टरनेटर, पण गॅरेजात अजून डायनामोच) इंजिनलाच जोडलेला. त्याचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर स्वतःच्या टोकाशी १४.२ व्होल्ट बघतो आणि निर्धास्त होतो. पावसात हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा सगळं चालू, मिळून ४० अँपिअर त्याच कुजक्या केबलमधून परतणार. ४० गुणिले ०.०१६ म्हणजे ०.६ व्होल्टच्या वर. बॅटरीला मिळाले साडेतेरा. एवढ्यावर ती भरते, पण फार हळू, आणि दादर ते परळ अशा फेऱ्यांत कधीच पूर्ण नाही. अर्धपोटी बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक जमून कडक होतात आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणजे केबल तशीच ठेवून बॅटरी बदलली तर नवी बॅटरीही तिच्याच नादाने जाते.

हेही मोजता येतं. इंजिन चालू, दिवे-पंखा चालू, आणि मीटर एकदा अल्टरनेटरच्या टोकाशी, एकदा बॅटरीच्या खुंट्यांवर. दोहोंत ०.३ ते ०.४ व्होल्टच्या वर तफावत असेल तर वाटेत गळती. अलीकडच्या काही गाड्यांत मात्र संगणकच इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा एकदा तेरा दिसले म्हणून घाबरू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी युक्ती कुणी करायला लागला तर त्याचा हात धरा. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि हजारोंचा ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, जाऊ शकतो.

काकांनी नवी केबल टाकली, गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला. सेल्फ मारताना तोच मीटर, त्याच दोन जागा: ०.०८. चार महिन्यांची बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. ती वाचली, पण पूर्वीसारखी नाही. आठवडाभर गाडी उभी राहिली की १२.४ च्या वर जात नाही. केबलचा खर्च त्या बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. यंदा मे संपता संपता पुन्हा मोजलं, ०.११ आलं. पाऊस सरला की परत मोजणार आहे.