पितळी स्टोव्हचा विमानप्रवास

पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली, तर पितळी स्टोव्हची एखादी टाकी अजूनही हाताला लागते. बर्नर गायब, पंपाचा दांडा वाकलेला, आत रेशनच्या निळ्या रॉकेलचा वाळका डाग. असे स्टोव्ह पुन्हा पेटते करायचा नाद असलेली माणसं जगभर आहेत आणि त्यांच्यात सुट्या भागांची देवघेव चालते. इकडची टाकी तिकडे जाते, तिकडचा बर्नर इकडे येतो. निपल, पिना, पंपाचं चामडी वायसर यांचा विमानाला काही त्रास नसतो. अडतं ते टाकीपाशी. वर्षानुवर्षं थेंबभर तेल न पाहिलेली टाकीसुद्धा विमान कंपनी नाकारू शकते, आणि त्यामागे निव्वळ कागदी हट्ट नसतो.

कारण स्टोव्हच्या कामातच दडलेलं आहे. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश कारागिराने 1892 च्या सुमारास काजळी न धरणारा प्रायमस स्टोव्ह घडवला. त्याची युक्ती साधी होती: रॉकेल द्रवरूपात जाळायचंच नाही. काकडा लावून बर्नर तापवायचा, पंपाने टाकीत हवेचा दाब वाढवायचा. तापलेल्या नळीत चढणाऱ्या रॉकेलचं बाष्प होतं, ते निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडतं, हवेत मिसळतं आणि निळं जळतं. जळतं ते बाष्प. विमानाच्या पोटातही भीती त्याचीच असते.

कोणत्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याइतकं बाष्प जमतं, त्याला ज्वलनांक म्हणतात. रॉकेलचा ज्वलनांक साधारण 40 अंश सेल्सियसच्या आसपास असतो. लोहगावला, म्हणजे जिथे पुण्याचा विमानतळ आहे तिथेच, एप्रिलच्या दुपारी पारा तिथवर सहज पोचतो. पेट्रोलचा ज्वलनांक तर उणे 40 अंशांच्या आसपास. गिर्यारोहकांच्या लाडक्या ‘स्वेआ 123’ सारख्या छोट्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोलच जळतं, म्हणून त्यांच्याकडे जास्त संशयाने पाहिलं जातं ते योग्यच आहे. हिशेब करून बघा. एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर जवळपास लिटरभर बाष्प होतं. हवेत दीड टक्क्याच्या आसपास बाष्प असलं तरी ठिणगीला पुरतं. म्हणजे चमचाभर पेट्रोल साठेक लिटर हवा पेटती करू शकतं. शिवाय हे बाष्प हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतं. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, म्हणून आतल्या आत स्फोट व्हायचा धोका ‘रिकाम्या’ टाकीत अधिक.

प्रवाशाच्या सामानातून वापरलेला स्टोव्ह न्यायचा तर आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत. विमान कंपनीची परवानगी हवी, तो चेक-इन बॅगेतच हवा, आणि टाकी निर्धोक केलेली हवी. त्यासाठी टाकी किमान 1 तास उलटी धरून निथळायची आणि किमान 6 तास झाकण काढून उघडी ठेवायची. दुसरा मार्ग मला फार आवडतो. टाकीत खायचं तेल घालायचं, खळबळवायचं आणि ओतून द्यायचं. आत चिकटून राहिलेलं थोडंफार इंधन तेलात विरघळतं, त्याचं बाष्प होणं मंदावतं आणि मिश्रणाचा ज्वलनांक वर जातो. नियमांच्या एवढ्या जाड पुस्तकात फोडणीचं तेल भेटावं, ही गंमतच म्हणायची. मग झाकण घट्ट लावून टाकी शोषक कागदात गुंडाळायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची. एवढं करूनही कंपनी नाही म्हणू शकते, आणि रॉकेलचा वास येत असेल तर म्हणतेच.

दाबाबद्दल मात्र उगाच धास्ती असते. मोठ्या प्रवासी विमानात हवेचा दाब साधारण 8,000 फुटांवर असतो त्याच्या खाली सहसा जाऊ देत नाहीत. पुण्यात बंद केलेल्या टाकीवर त्यामुळे आतून पाव वातावरणाहूनही कमी जादा दाब येतो. पंप मारून आपण त्याच्या कितीतरी पट दाब देतो. टाकी फुटत नाही, पण वाळलेल्या वायसरमधून बाष्प झिरपू शकतं. वायसर दगा देतं याचं सर्वांत दुःखद उदाहरण दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचं आहे. 1912 मध्ये ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधक स्कॉटच्या तुकडीला वाटेत साठवलेल्या डब्यांत रॉकेल कमी निघालं. कडाक्याच्या थंडीत डब्यांच्या चामडी वायसरांनी साथ सोडली होती, असं मानलं जातं. त्यांच्या आधी ध्रुव गाठणाऱ्या अमुंडसेनने आपले डबे डाख (सोल्डर) देऊन बंद केले होते.

आणखी एक चोर म्हणजे अॅस्बेस्टॉस. जुन्या स्टोव्हच्या काकड्यात आणि काही झडपांच्या पॅकिंगमध्ये ते सापडतं. सुटं अॅस्बेस्टॉस विमानासाठी धोकादायक मालात मोडतं आणि फुप्फुसांसाठी तर त्याहून वाईट. ते कोरडं खरवडू नये. ओलं करून, मास्क लावून काढावं आणि पार्सलमध्ये अजिबात घालू नये.

टाकी मुक्कामी पोचली की खरा किचकट भाग सुरू होतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पत्र्याला साच्यात दाबून टाकीचा आकार देताना धातूत ताण अडकून राहतो आणि तो दशकानुदशकं तसाच बसतो. अशा पितळाला दमट हवा आणि अमोनिया एकत्र मिळाले, की ते धक्का न लागताही तडकतं. हा रोग जगाला नीट कळला तो आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळे आणि काडतुसांना भेगा पडत. ऋतूवरून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागे अमोनिया आणि अडकलेला ताण यांची जोडी असल्याचं दाखवलं गेलं. उपायही निघाला: घडवलेलं पितळ बेताने तापवून ताण उतरवायचा.

कसब्यातल्या तांबट आळीत तापवण्याचं हे गणित फार जुनं आहे. ठोकून ठोकून तांबं कडक झालं की ते भट्टीत लालसर तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. शेवटचं मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके, मात्र तसंच राखायचं, कारण त्या कडकपणानेच भांड्याला बळ येतं. पण तयार टाकीला ही भट्टी दाखवता येत नाही. शिसं-कथलाचा डाख 183 अंशांपासूनच वितळू लागतो, म्हणजे डाखाचे जोड आधीच सुटतील. म्हणून जुन्या टाकीवर अमोनिया असलेलं पॉलिश लावू नये. चिंच-लिंबूही जपून वापरावं; आम्लात फार वेळ ठेवलं की पितळावर गुलाबी झाक चढते.

दुरुस्त टाकी पहिल्यांदा तपासायची ती हवा भरून नव्हे. टाकी आणि नळी पाण्याने काठोकाठ भरायची आणि हातपंपाने पाण्यालाच दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. जोड सुटला तर चिळकांडी उडते आणि दाब लगेच ओसरतो. तेवढ्याच दाबाची हवा असेल, तर पत्र्याचा तुकडा सुटून अंगावर येऊ शकतो. पाण्याची परीक्षा पास झाली, की टाकी पूर्ण वाळवून, वायसरला तेल पाजून, मग रॉकेल.