डेथ एंजल की डार्क एंजल?

थ्रॅश मेटल, म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार, नव्याने ऐकायला लागलेल्या माणसाची या दोन नावांत हमखास गफलत होते. दोन्ही बँड कॅलिफोर्नियातले, दोन्ही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिलेले, आणि आद्याक्षरंही तीच. त्यात डेथ एंजलने १९९० मध्ये ‘अ‍ॅक्ट थ्री’ आणि डार्क एंजलने १९९१ मध्ये ‘टाइम डज नॉट हील’ काढला, आणि त्या-त्या अल्बमनंतर दोघांचंही काम बरीच वर्षं थांबलं. मी स्वतः ‘टाइम डज नॉट हील’ पहिल्यांदा लावला तो डेथ एंजलचा समजून. पाच मिनिटांतच कळलं, हे घर वेगळं आहे.

डेथ एंजल सॅन फ्रान्सिस्को परिसरातला, फिलिपिनो वंशाच्या, एकमेकांच्या नात्यातल्या मुलांचा. १९८७ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हाही त्यांचा ड्रमर अँडी गॅलिऑन शाळकरी वयाचाच होता. डार्क एंजल लॉस एंजलिसजवळच्या डाउनी गावचा. तिथे ड्रमवर जीन होगलन, आणि गाण्यांचे शब्दही बहुतेक त्याचेच.

या दोन अल्बमपर्यंत वेगाची हौस दोघांचीही फिटली होती. आता पुढे काय, या प्रश्नाला दोघांनी अगदी उलटी उत्तरं दिली. डेथ एंजलने जागा मोकळी केली. ‘अ‍ॅक्ट थ्री’मधल्या ‘डिसकंटिन्यूड’ गाण्यात बास गिटारवर चक्क फंक, म्हणजे नाचऱ्या ठेक्याचं संगीत, येतं, तर ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये अकूस्टिक गिटार आणि स्वच्छ गाणं. हा अल्बम पहिल्याच ऐकण्यात आवडतो, आणि ते त्याचं मोठं बळ आहे.

डार्क एंजलने मात्र होती ती जागाही भरून टाकली. अल्बमच्या जाहिरातीतच आकडे होते: ९ गाणी, ६७ मिनिटं, २४६ रिफ. रिफ म्हणजे गिटारवरचा फिरून फिरून येणारा तुकडा, ज्याच्यावर गाणं उभं राहतं. चार-पाच रिफांत चांगलं गाणं होऊ शकतं. इथे सरासरी एका गाण्याला सत्तावीस पडतात, म्हणजे दर सोळा-सतरा सेकंदांमागे एक! कान एका तुकड्यावर टेकतो न टेकतो तोच दुसरा सुरू. म्हणून पहिल्या ऐकण्यात हाती काही लागत नाही, आणि लोक ‘कंटाळवाणा’ म्हणून सोडून देतात. मला हा अन्याय वाटतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला होगलनच्या ड्रमचा धागा हाती येतो, मग रिफ सुटे न वाटता एकमेकांना बोलावताना ऐकू येतात. शब्दही तसेच दाट. सैतान, अणुयुद्ध हे थ्रॅशचे नेहमीचे विषय बाजूला ठेवून इथे अत्याचार, मनावरचे आघात, स्त्रियांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली लाज येते. गायक रॉन राइनहार्ट ते सगळं जवळजवळ एका दमात म्हणतो. एवढे शब्द त्या वेगात बसवणं हेच केवढं काम आहे!

थांबण्याची कारणंही वेगळी. डेथ एंजलच्या बसला दौऱ्यावर असताना अ‍ॅरिझोनात अपघात झाला, गॅलिऑन गंभीर जखमी झाला आणि सावरायला त्याला वर्षाहून जास्त लागलं. २००१ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. डार्क एंजल १९९२ मध्ये विखुरला. त्यांचा अल्बम आला त्याच वर्षी मेटॅलिकाचा काळा अल्बम आणि निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आले. सगळे सोपेपणाकडे वळत असताना २४६ रिफ मोजायला कोण थांबणार?

तेव्हा पहिल्या ओळखीला ‘अ‍ॅक्ट थ्री’ लावा, आणि सवड काढून ‘टाइम डज नॉट हील’. तो एका बैठकीत संपवायला जाऊ नका. मी आजही तीन-तीन गाणीच ऐकतो.